सोळा भाषांचा शेजारी

आमच्या भिंतीपलीकडे एक माणूस राहतो. त्याला सोळा भाषा धडाधड टाइप करता येतात आणि त्यातल्या पंधरा समजत नाहीत.

थाप नाही मारत. थापा मारायचं वय गेलं. पाटणकर बाबू त्यांचं नाव. आनंद नगरात पानवाल्याला विचारा, "सोला भाषावाले बाबूजी किधर रहते हैं?" तो मान न वळवता चुन्याची काडी आमच्या गल्लीकडे दाखवील. माणूस शेवग्याच्या शेंगेसारखा. अंगात जे काही आहे ते सगळं दहा बोटांत.

दर उन्हाळ्याच्या तोंडाशी जगभरच्या टायपिंगवाल्यांची एक स्पर्धा असते. घरी बसूनच, इंटरनेटवर, सोळा परदेशी भाषांत; त्यातली इंग्रजी तेवढी बाबूंना समजते. पडद्यावर मजकूर येतो, तो बघून दहा मिनिटं टाइप करायचा. एका भाषेला दहा मिनिटं आणि एकच संधी. चुका जास्त झाल्या किंवा वेग कमी पडला की ती भाषा बाद. पाटणकर बाबूंना रिटायर झाल्यापासून एकच ध्यास, सोळाच्या सोळा एका वर्षात पास व्हायच्या. दर वर्षी पंधरा व्हायच्या आणि फिनलंडची भाषा पाय ओढायची.

"शब्द आहेत की मालगाड्या, ढोबळेजी!" ते मला म्हणायचे. "डबे मोजता मोजता इंजिन निघून जातं."

न समजणारी भाषा माणूस लिहितो कशी, असं मीही त्यांना विचारलं होतं. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी क्रेन उलटी टांगा म्हणालो.

"अहो, समजत नाही म्हणूनच तर लिहिता येते. डोळ्यातून थेट बोटात. मधे डोकं आलं की झाली भानगड. समजलं की चुकलं!"

हे 'समजलं की चुकलं' त्यांचं रोजचं. डॉक्टर आजार समजावायला लागले तरी तेच. "समजावू नका, गोळी द्या."

आता मी कोण ते सांगतो. मी सातवी पास, तीही धक्क्याने. वर्ध्याकडून इकडे हिंदी मुलखात कारखान्यात आलो, क्रेनवर चढलो तो रिटायर होऊनच उतरलो. वर केबिनमध्ये खालचा आवाज ऐकू येत नाही. खालचा माणूस हाताने खुणा करतो, त्या वाचायच्या. वाचण्यात चुकलात तर टनावारी लोखंड कोणाच्या तरी डोक्यावर. त्यामुळे मला माणसाचं तोंड फारसं वाचता येत नाही. हात वाचता येतात. आणि पाटणकर बाबूंसारखे हात मी दुसरे पाहिले नाहीत. वेल्डर पाहिले, मोटारीत तार गुंडाळणारे वाइंडिंगवाले पाहिले, तबला वाजवणारा एक फोरमनही पाहिला. नाही. असे नाहीत.

ते त्याच कारखान्यात टायपिस्ट होते. टाउनशिपच्या क्वार्टरमध्येही आमची भिंत एकच होती. प्लॉट घ्यायची वेळ आली तेव्हा माझी बायको शांता म्हणाली, "शेजार बदलायचा नाही. नवीन माणसाची खोडी कळायला दहा वर्षं जातात." म्हणून इथेही भिंत एकच.

ऑफिसात त्यांचा एक किस्सा फार चालायचा. एकदा साहेबाने त्यांच्याकडून एक कडक पत्र टाइप करून घेतलं. अमुक कर्मचारी कामाच्या वेळी टेबलावर, खिडकीवर, दुसऱ्यांच्या पाठीवर बोटं वाजवतो, त्याला ही ताकीद देण्यात येते, वगैरे. पाटणकर बाबूंनी एकही चूक न करता पत्र टाइप केलं, सहीला ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच पत्र त्यांच्या हातात आलं. त्यांनी सावकाश वाचलं आणि विचारलं, "हा कोण आहे बुवा?"

सवय मात्र सुटली नाही. जेवताना डावा हात ताटाच्या काठावर चालू. बसमध्ये पुढच्या सीटची दांडी धरली की दांडीवर चालू. होळीला दार बंद, रंग नखात जातो म्हणून. थंडीत स्वेटर नसला तरी चालेल, हातमोजे पाहिजेत. फणस, सुरण, गरम पातेलं, असलं काही हातात घेणार नाहीत. फणस आमच्याकडे चिरला जायचा आणि भाजी भिंतीवरून पलीकडे जायची. लग्न केलं नाही. आई होती तोवर आई, मग टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. त्यांच्या कीबोर्डवर एक अक्षर शिल्लक नाही, सगळं घासून गुळगुळीत. मी म्हटलं, "मग कळतं कसं?" तर म्हणाले, "अक्षरं नवशिक्यांसाठी असतात."

एकदा रायसेन रोडवर परदेशी नवराबायकोची टॅक्सी बंद पडली. बाई घाईघाईत काहीतरी सांगत होती, कोणाला काही कळेना. पोरांनी धावत जाऊन पाटणकर बाबूंना आणलं. "हटो हटो, सोला भाषा आ गए!" बाईच्या हातात कसलंसं पुस्तक होतं. यांनी ते उघडून टॅक्सीच्या बॉनेटवर ठेवलं आणि बाजूला बॉनेटवरच दोन ओळी बोटांनी वाजवून पाहिल्या. सगळे श्वास रोखून.

"तुर्की आहे," ते म्हणाले. "उजव्या करंगळीला फार काम पडतंय."

"वो तो ठीक है बाबूजी, पर बोल क्या रही है?"

"ते मला काय माहीत?"

लोक पोट धरून हसले. तेवढ्यात शांता पुढे झाली, बाईच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि हात धरून तिला सरळ आमच्या संडासापर्यंत नेलं. बाई बाहेर आली ती शांताच्या गळ्यात पडली. पाटणकर बाबू गर्दीला सांगत होते, "बघा, वहिनींना समजतं. म्हणून त्या टायपिस्ट होऊ शकणार नाहीत."

या स्पर्धेचा एक नियम आहे. टाइप करताना शेजारी एक माणूस बसायला पाहिजे. त्याने बोलायचं नाही, फक्त बघायचं, आणि शेवटी सही करायची की या माणसाने स्वतःच टाइप केलं. तो माणूस म्हणजे शांता. दर वर्षी ती धुतलेली साडी नेसून, गजराचं घड्याळ घेऊन पलीकडे जायची, जशी काही परीक्षेला चालली. ती मॅट्रिक होती. सही वळणदार.

तिला एकच गोष्ट खटकायची. "भाऊजी, इतकी वर्षं त्या फिनलंडवाल्यांचं लिहिताय, एका तरी शब्दाचा अर्थ बघा. बिचाऱ्यांना काय वाटेल?"

"वहिनी, समजलं की चुकलं."

"एका शब्दाने काही चुकत नाही. माझ्यासाठी बघा."

बघितला. जन्मात एकदाच नियम मोडला. शब्द होता 'नापुरी'. त्या भाषेत शेजाऱ्याला नापुरी म्हणतात. शांताला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणातून रोज चारच्या सुमारास हाक ऐकू यायला लागली. "ओ नापुरी! चहा!" आणि पलीकडची टकटक थांबून खुर्ची सरकायची. मी म्हणायचो, काय हा पोरकटपणा. साठी उलटलेली माणसं.

गेल्या दिवाळीत त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट बधिर व्हायला लागलं. मानेतली नस, डॉक्टर म्हणाले, आता हे वाढतच जाणार. पाटणकर बाबूंनी आम्हाला असं सांगितलं, जसं घरातलं कोणी आजारी आहे. शांता म्हणाली, "मग या वर्षी सोळा करून टाका. पुढल्या वर्षी बोटांना पेन्शन."

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी शांता गेली. सकाळी भाजी निवडत होती, दुपारी नव्हती. यावर मी जास्त लिहिणार नाही.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं. सगळे तोंडाने काहीबाही बोलत होते, मला काही ऐकू येत नव्हतं. केबिनमध्ये बसल्यासारखं. कोपऱ्यात पाटणकर बाबू बसले होते. हात मांडीवर उताणे पडलेले. दहाही बोटं स्थिर. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं, आणि तेव्हा मला कळलं की ती खरंच गेली.

मग भिंत गप्प झाली. महिना, दीड महिना, अडीच महिने. मला दुपारची झोप त्या टकटकीवर लागायची, ती उडाली. स्पर्धेचे दिवस आले हे मला माहीत होतं, कारण शांता त्या दिवसांत साडीला इस्त्री करायची. शेवटचे चार दिवस राहिले तेव्हा मी चिडून त्यांचं दार वाजवलं.

"बसायचं नाही का या वर्षी?"

"बघणारं माणूस नाही," ते म्हणाले.

"मी काय मेलो? सातवी पासची सही चालत नाही का?"

त्यांनी दार पुरतं उघडलं. "सहीला शिक्षण लागत नाही, ढोबळेजी. डोळे लागतात."

चार दिवसांत सोळा भाषा. रोज चार. मी दाढी करून, घड्याळ घेऊन जायचो. शांताच्याच खुर्चीत बसायचो. मला पडद्यावरचं काही कळत नव्हतं, मी हात बघत होतो. आणि काय हात ते! बधिर बोटाचं काम त्यांनी शेजारच्या बोटावर टाकलं होतं, न सांगता, जसा चांगला गँगमन थकलेल्या गड्याचं ओझं आपल्या खांद्यावर घेतो. पहिल्या दिवशी चार पास. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी हंगेरीच्या भाषेत मरता मरता वाचले. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत पंधरा झाल्या. राहिली ती एकच मालगाडी.

सुरू केलं. मोहरी तडतडावी तसा आवाज. एक मिनिट, दोन, पाच. मी क्रेनवाला आहे, भार कधी नीट उचलला गेलाय ते मला कळतं. भार उचलला गेला होता. या वर्षी सोळा होत होत्या.

सातव्या मिनिटाला हात थांबले.

कीबोर्डच्या वर, अधांतरी, दोन्ही. आमच्याकडे खालच्या माणसाने असे हात रोखून धरले की क्रेन जागच्या जागी थांबवायची. त्याचा अर्थ, खाली माणूस आहे. मला बोलायला बंदी होती. घड्याळाचा काटा फिरत होता. मी मनात ओरडत होतो, चला, अहो चला! अर्ध मिनिट गेलं असेल, जास्तच. मग हात खाली आले आणि पुन्हा सुरू झाले, पण आता ते दुसऱ्याच माणसाचे होते.

वेग थोडक्यासाठी कमी पडला. भाषा बाद. पंधरा.

मी तोंडाचा फटकळ. म्हटलं, "बोटाने दगा दिला?"

"बोट ठीक आहे." त्यांनी पडद्यावर एका शब्दाखाली बोट ठेवलं. "हे बघा. नापुरी. कुठल्यातरी शेजाऱ्याची गोष्ट दिसते. बाकीचं काय आहे ते माहीत नाही. एवढंच समजलं."

मी वाट पाहिली. पुढचं 'की चुकलं' ते बोललेच नाहीत.

"एका शब्दापायी वर्ष घालवलंत," मी म्हटलं.

"घालवलं," ते म्हणाले. आवाजात हळहळ नव्हती. उजवा हात डाव्या हातात घेऊन बसले होते, जसं थंडीत दुसऱ्याचा हात धरतात.

मी कागदावर सही केली. या माणसाने सगळं स्वतःच केलं आहे, मी समोर होतो. वळणदार नाही आली, पण आली. मग घड्याळ उचलून घरी आलो. घड्याळ फळीवर ठेवताना पाहिलं, चार वाजत होते. अडीच महिने मी एका कपाचं पाणी ठेवत होतो. दोन कपांचं ठेवलं. साखर किती घालतात ते मला माहीत नव्हतं, माझ्याइतकीच घातली.

मागच्या अंगणात गेलो. भिंतीकडे तोंड केलं.

"ओ नापुरी! चहा!"

पलीकडे खुर्ची सरकली.