सहाव्या लुईचं बरोबर नाव

मेलेल्या माणसाचं नाव चुकीचं घेतलं तर त्याचा अपमान होतो. मेलेला माणूस राजा असेल तर अपमान मोठा होतो, आणि राजा परदेशातला असेल तर अपमान आपला होतो. कळमनुरी रस्त्यावरच्या आमच्या इंग्रजी शाळेला हे वेळेवर उमगलं, याबद्दल तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

यंदाच्या स्नेहसंमेलनात फ्रान्सच्या सहाव्या लुई राजावर इंग्रजी नाटक बसवायचं ठरलं. (हा राजा नऊशे वर्षांपूर्वी वारला. हिंगोली जिल्ह्यात त्याचे नातेवाईक नाहीत.) त्याच कार्यक्रमात शाळेच्या शिपाई मावशींचा (चतुराबाई) निवृत्तीचा सत्कारही होता. सव्वीस वर्षं झाडलोट, घंटा आणि ओकलेल्या लेकरांचे शर्ट धुणं एवढंच त्यांचं काम असल्यामुळे सत्काराला तीन मिनिटं देण्यात आली.

नाटकात राजाचं नाव एक्केचाळीस वेळा येतं. पहिल्या तालमीत ते चोवीस वेळा 'लुईस', सोळा वेळा 'लुई' आणि एकदा, धीर खचल्यामुळे, नुसतं 'मालक' असं घेतलं गेलं. तातडीनं समिती नेमली: मुख्याध्यापक प्रभू सर, इंग्रजीच्या प्रियदर्शनी मॅडम आणि नातवाकडून पालक प्रतिनिधी म्हणून मी. (मी अक्षरं साठीत शिकलो. समितीत माझ्याकडे हो म्हणण्याचं काम होतं.)

अकरा दिवसांत सात बैठका झाल्या. नावातला शेवटचा स लिहायचा, पण बोलायचा नाही, असं ठरलं. हे सगळ्यांना लगेच पटलं, कारण शाळेची तक्रारवही त्याच नियमानं चालते. सहावा हा आकडा आपण आधी घेतो, इंग्रजीत तो मागून येतो, तोही 'द' लावून: लुई द सिक्स्थ. यावर दोन बैठका गेल्या. मग कळलं की इंग्रजीत या राजाला 'लुई द फॅट'सुद्धा म्हणतात, आणि समिती गंभीर झाली. प्रमुख पाहुणे विजयकुमारराव दोन खुर्च्या जोडून बसतात.

"मॅडम, हे काहून ठेवायलात? पाहुण्यासमोर राजाला जाड्या म्हणून राहिलो आपण!"

"सर, इतिहास आहे तो. आणि इंग्रजीत म्हटलं की लागत नाही."

'फॅट' हा शब्द मान डावीकडं वळवून घ्यावा, असा ठराव झाला.

सातव्या बैठकीत मावशी चहाचा ट्रे घेऊन थांबल्या.

"सर, माइकवर माझं नाव घेताल ना? शिरड शहापूरहून लेकीच्या सासरचे येऊन राहिले. सव्वीस वर्षं झाली, समदे मावशीच म्हणतेत. एकडाव बराबर घ्या, बस."

"घेऊ की मावशी! हे काय सांगायचं असतं व्हय?"

सरांनी वहीत लिहून घेतलं: 'मावशी. नाव घेणे.'

संमेलनात राजाचं नाव एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस वेळा बरोबर आलं. 'फॅट'ला विजयकुमाररावांनीच सर्वांत जास्त टाळ्या वाजवल्या. मग सरांनी माइक घेतला. "आता, ज्यांच्यावाचून शाळेचं पान हलत नाही, त्या आपल्या..." त्यांनी वही उघडली. कागद उलटा करून पाहिला. मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. साक्षरता वर्गात मावशी वर्षभर माझ्या शेजारी बसून स्वतःचं नाव गिरवत होत्या, पण माझ्या हातात नारळाचं ताट होतं, आणि माझं काम हो म्हणण्याचं होतं.

"...लाडक्या मावशी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सन्मानपत्रावरही सोनेरी अक्षरांत 'श्रीमती मावशी' असंच होतं. मावशींनी एकेका अक्षरावर बोट ठेवून ते वाचलं आणि घडी घातली.

"सर, लुई द सिक्स्थ बराबर झालं ना?"

"एकदम बराबर, मावशी!"

"मंग झालं."

(त्यांचा उच्चार निर्दोष होता. अकरा दिवस तालमीची खोली त्यांनीच झाडली होती. तशी नोंद घेतली आहे.)

वाचकहो, राजाचं नाव आता तुमचंही पाठ झालं असेल, आकड्यासकट. शाब्बास. आता मावशींचं नाव सांगा. वर जाऊन पाहू नका. ते एकदाच आलं होतं, आणि तेही कंसात.