एकट्या माणसाचं मत

दारातली मुलगी गोड हसली आणि हातातल्या टॅबवर बोट ठेवून म्हणाली, "काका, भांड्यांच्या साबणाबद्दल तुमचं मत हवं होतं. वय काय आपलं?"

"सदुसष्ट."

"थँक्यू काका. झालं." आणि ती समोरच्या दाराकडे वळली.

कंडक्टर दारातच उभे राहिले. नोकरी कधीच संपली होती, पण लोक त्यांना अजून कंडक्टरच म्हणत. नजरही तीच राहिली होती, समोरचा बिनतिकिटाचाच आहे असं धरून चालणारी. घरात त्यांना कुणी काही विचारत नसे. पडद्यांचा रंगसुद्धा बायको आणि मुलगा फोनवर ठरवत, हे दुकानात पिशवी धरून उभे. आज पहिल्यांदा कुणी मत मागायला दारी आलं होतं, आणि न घेताच गेलं!

समोरच्या वहिनींच्या घरातून मात्र अर्धा तास हसण्याचे आवाज येत राहिले.

"ह्यात काहीतरी आहे," ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले. "तू त्या पोरीला माझ्याबद्दल काही बोललीस का?"

"तुमच्याबद्दल बोलण्यासारखं काय आहे?" बायको भांडी घासता घासता म्हणाली.

त्यांचा संशय आणखी बळावला. दुपारभर पडल्या पडल्या त्यांनी विचार केला. ज्या प्रश्नानंतर हकालपट्टी, तोच प्रश्न गुन्हेगार. म्हणजे वय!

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाजाराच्या दारात टॅबवाला पोरगा दिसताच ते मुद्दाम त्याच्या समोरून दोनदा गेले. पोरग्याने थांबवलं.

"वय?"

"अठ्ठावन्न."

सुटले! पण लगेच पुढचा प्रश्न आला, "मागच्या सहा महिन्यांत कुठल्या सर्व्हेत भाग घेतलाय?"

"भाग असा नाही, काल एकीने नुसतं वय विचारलं..."

"धन्यवाद काका."

पुढच्या खेपेला तिथे एक बाई होती. वय जमलं, सर्व्हेला "छे, कधीच नाही" म्हणून झालं. मग तिने विचारलं, "जवळच्या नात्यात कुणी जाहिरात कंपनीत?"

कंडक्टरांची छाती फुगली. "मुलगा! मोठा साहेब आहे."

"धन्यवाद."

"अहो बाई, पोरगा साहेब झाला हा काय माझा गुन्हा?"

"तसं नाही काका. आतल्या गोटातलं मत चालत नाही. आम्हाला कोरा माणूस लागतो."

मग कंडक्टर कोरे झाले. केस काळे करून ते बाजाराच्या मागच्या दाराशी गेले. तिथल्या नव्या पोरग्याला त्यांनी वय बावन्न सांगितलं. सर्व्हे नाही, मुलगा नाही. "घरात कोण कोण?" ह्यावर त्यांनी मनात हिशेब केला. बायको म्हटलं की बायकोचे भाऊ निघणार, भावांचे धंदे निघणार.

"कुणी नाही. एकटाच."

"मग भांडी?"

"मीच घासतो."

पोरग्याचा चेहरा उजळला. ज्याने स्वतःचा कप कधी विसळला नव्हता तो माणूस फेस, वास, तळाचं करपलेलं, ह्यांवर अर्धा तास बोलला.

"काय बोलता काका तुम्ही! आता फक्त फोन नंबर द्या. खात्री करायला ऑफिसातून फोन येईल."

अनोळखी माणसाला मोबाइल नंबर? कंडक्टरांना दाट शंका आली. त्यांनी हुशारीने घरच्या फोनचा नंबर दिला.

फोन दुसऱ्याच दिवशी आला, आणि तो बायकोने उचलला. पलीकडच्या बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"बावन्न वर्षांचे, एकटे राहणारे गृहस्थ इथेच राहतात ना?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. तिच्या तोंडून 'नाही' निघालं की सगळं मत केराच्या टोपलीत.

"राहतात," ती म्हणाली.

"आपण कोण?"

"मी... घरकाम करते इथे."

"पण भांडी तर ते स्वतः घासतात ना?"

"घासतात की! काय सुरेख घासतात. मी नुसती बघत बसते."

"कधीपासून आहात इथे?"

"लग्न झाल्यापासून." बायकोने घाईने जोडलं, "म्हणजे माझं."

"बरं बरं. त्यांचं मत आम्ही धरतो."

बायकोने फोन ठेवला. कंडक्टर जोडलेले हात तसेच ठेवून पुढे आले. "तू माझ्यासाठी एवढं..."

"बहिणीकडे चाललेय चार दिवस," ती पिशवी भरत म्हणाली. "एकटा माणूस आहात, जपून राहा. आणि हो, मोरीत भांडी पडलीत, साबण संपलाय. कुठला आणायचा, ते तुमचं तुम्हीच ठरवा."