न तपासलेला दोर

आमच्या कॉलनीत कपडे वाळत घालायला कुणी नवी दोरी बांधली, की दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावजी तिची परीक्षा घ्यायला हजर. फाटक उघडून सरळ अंगणात यायचं, ओली चादर बाजूला सारायची, दोरीला टिचकी मारायची आणि कान लावायचा. दोरी टणकन वाजली की त्यांचा चेहरा पडतो.

"काहून एवढी ताणली, सर? जराशीक झोल राहू द्या. दोरीलेही जीव असते."

मी शाळेत भूगोल शिकवतो. लोहाऱ्यात त्यांच्या भिंतीला भिंत लावून अकरा वर्षं राहतो आहे. पण कोणत्या नदीवर कोणता झुलता पूल आहे, हे मला पुस्तकांनी नाही, देवरावजींनी शिकवलं. त्यांच्या बैठकीत देवांच्या तसबिरी दोन आणि पुलांच्या नऊ. एक अमेरिकेतला पूल वाऱ्यानं नाचून नाचून पडला होता. त्याच्याबद्दल ते सोयऱ्यातलं कुणी गेल्यासारखे बोलतात. "दोराची काही चूक नव्हती, सर. रस्ताच लई हलका केला होता. वाऱ्यानं पिळून टाकला बिचाऱ्याले."

राळेगावच्या एका लग्नात तर कहर झाला. पंगतीत त्यांनी पाण्याचे दोन पेले पुढ्यात ठेवले, मांडवातली झेंडूची माळ ओढून त्यावर टाकली आणि माळेचं एक टोक माझ्या हातात, दुसरं नवरीच्या मामाच्या हातात दिलं.

"पेले म्हंजे मनोरे. तुमी दोघं म्हंजे काठावरचे दगड. हलू नका!" मग भाषण सुरू झालं. "जिथं पाण्याची ओढ खांब उभा राहू देत नाही, तिथं मानसानं हे डोकं चालवलं. नदीत पाय न टाकता नदी पार! रस्ता लोंबते दोराले, दोर बसते मनोऱ्यावर, अन् सारी ओढ धरून ठेवते ते काठावरचे गाडलेले दगड. पन त्यायचा फोटो कोनी काढत नाही."

काठावरचे दोन दगड माळ धरून बसले होते, तेवढ्यात जिलबी समोरून निघून गेली. मामा अजून माझ्याशी बोलत नाहीत.

त्यांच्या पत्नी शांताकाकू या सगळ्याकडे ढुंकून बघत नाहीत. "पूलपुरान झालं असंन तर जेवाले चाला," एवढंच म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात कॉलनीतल्या मंडळींनी हरिद्वार-ऋषिकेशची यात्रा काढली. पहिलं नाव देवरावजींचं. जन्मभर ज्यांची चित्रं पाहिली, त्यांतला एक झुलता पूल आता ते पायाखाली घेणार होते. गाडीत दोन दिवस त्यांनी कुणाला डुलकी घेऊ दिली नाही.

ऋषिकेशला पोचलो तर तो जुना, नावाजलेला पूल बंद. देवरावजी काठावर तासभर त्याच्याकडे बघत उभे राहिले. शेजारच्या चार भाविकांना त्यांनी त्याची रचनाही समजावून दिली. मग आम्ही खालच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या झुलत्या पुलावर गेलो. लोक, गाई, माकडं, सगळी आरामात ये-जा करत होती. आमची मंडळी पुढं निघाली. देवरावजी मात्र पहिल्या पावलाशीच थांबले. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. कपाळावर घाम.

"चक्कर येऊन राह्यली का?" मी विचारलं.

"नाही. हा दोर म्या तपासला नाही, सर."

मला हसू येत होतं, पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबलो. देवरावजी वणीकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाले, एवढंच मला माहीत होतं. तिथं ते काय करत, हे कधी विचारलं नव्हतं. काकूंनी सांगितलं. खाणीच्या उतारावरून कामगारांना बसवून नेणारे, रुळांवरचे डबे एका तारेच्या दोरावर खाली जात आणि वर येत. पाळी सुरू व्हायच्या आधी तो दोर इंच इंच बघायचा, हे देवरावजींचं काम. हातात फडकं घेऊन दोरावरून फिरवायचं. तुटलेली तार फडक्यात अडकायची. नोकरीभर तेच केलं, आणि शेवटचा डबा वर आल्याशिवाय ते कधी घरी आले नाहीत.

मग काकू त्यांच्याकडे वळल्या. "तुमच्या दोरावर शेकडो मानसं बसत होते. त्यायच्यातला कोनी तपासाले आलता का? तुमच्या भरवशावरच बसत होते ना? मंग हेही कोनीतरी पाह्यलंच असंन. चाला." त्यांनी देवरावजींचा हात कठड्यावरून सोडवला आणि आपल्या हातात घेतला. चारचौघांत एकमेकांचा हात धरलेलं त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते निघाले. आधी पायांकडे बघत, मग गंगेकडे, आणि मधोमध पोचल्यावर वर, दोराकडे. तिथं बराच वेळ उभे राहिले. मागच्या लोकांनी "चलो, चलो" केलं तेव्हा हलले.

पलीकडच्या टोकाला एक माणूस लोंबत्या सळ्यांच्या बोल्टांना ग्रीस लावत बसला होता. देवरावजी त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"भाईसाब, ये तुम देखते क्या?"

"हां जी. क्या हुआ?" तो घाबरला.

"कुछ नहीं हुआ. बहोत बढिया रखा है. हम आराम से आया."

तो माणूस गोंधळून हसला. काकूंनी पिशवीतून डबा काढून त्याला दोन लाडू दिले. ग्रीसच्या हातांनी घेता येईनात, म्हणून देवरावजींनी ते कागदात बांधून त्याच्या खिशात ठेवले.

चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा मी विचारलं, "देवरावजी, खाणीत तुम्हाला कधी कुणी असं येऊन म्हटलं होतं?"

"नाही बावा." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "पन पाळी सुटली का लोक डब्यात बसून वर येत ना, तवा निम्मे झोपलेले राहत. घोरत वर येत, सर! दोराकडे कोनी पाहतच नव्हतं." ते काकूंकडे बघून हसले. "मले लई बरं वाटे."