चिनी नाटककारांचा सत्कार आणि आगाऊ आभार यांची बखर

श्रीरंगदेवतेस साष्टांग, नाटके लिहिणाऱ्यांस मुजरा आणि ती शेवटपर्यंत पाहणाऱ्यांस दोन मुजरे करोन वर्तमान लिहितो ऐसेजे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यी चीनदेशीच्या एका थोर नाटककारांचा उत्सव मांडिला. नाटककार चारशे वर्षांमागे निवर्तले होते, परंतु त्यांची पदे विलायती वाद्यांचे साथीत, ऑपेरा म्हणोन, नव्याने गावी ऐसे ठरले आणि गावयास मथुराबाई आरोंदेकर नेमिल्या. बाईंनी तीन वर्षे चिनी बोल घोकिले. मग वैद्य बोलिले, "बाई, गळा आता एकाच मैफलीपुरता उरला." बाई म्हणाल्या, "तर हीच मैफल. कोणी ऐकले म्हणजे पावले."

त्या राज्याचा रिवाज ऐसा की शाल-श्रीफळावाचून कार्य आरंभत नाही आणि आभार जाहले की सभा सरली. सत्कारमूर्ती मयत, याची अडचण कोणास वाटली नाही. रंगमंचावर मानाचे खुर्चीत त्यांची तसबीर बसविली, शाल पांघरली, फेटा बांधिला, तो नाकावर उतरला तो वर सारिला, पुढ्यात श्रीफळ ठेविले आणि दिवाण अप्पाजीपंतांनी पुसिले, "प्रवास सुखाचा जाहला ना?" तसबीर बोलेना. "काय हो विनय!" म्हणोन सभेने टाळ्या पिटिल्या. मग दिवाणांनी शक्कल लढविली की आभार शेवटी ठेविले तर ऐकावयास कुत्रे राहत नाही, सबब या खेपेस आधी मानावे. आणि मानिले. हरहर, काय ती बुद्धी! आभार सरताच अवघी सभा जन्माच्या सवयीने उठली. दिवाण ओरडले, "अहो बसा, गाणे व्हावयाचे आहे!" महाराज जोडे शोधीत म्हणाले, "आभार झाले की हो!" इतक्यात बाहेरून वड्यांचा वास आला आणि सभा गेली, मग वादक गेले, मग लोकांस वळवून आणितो म्हणोन दिवाण गेले ते वड्यांपाशीच रमले.

बाईंस रडू कोसळले. मग डोळे पुसोन, पदर खोचोन त्या खुर्चीकडे वळल्या. "बुवा, तुम्हांस तरी उठता येत नाही. ऐका." आणि ऐशा गायल्या की शेवटचे तानेस खुर्ची हालली आणि श्रीफळ घरंगळत त्यांचे पायांशी आले. ती दाद मानोन बाईंनी नमस्कार केला आणि पुढे त्यांचा गळा कधी उमटला नाही.

एवंच, त्या राज्यी सत्कार उदंड जाहले. सत्कारमूर्ती गाणे संपेतो बसले, ऐसे एकदाच.