गोलकीपरचा गुडघा

ओरेस्टचा गुडघा गेला तो मॅच संपल्यावर. नऊ-एकनं हरून झालं, दोन्ही टीमा रिवाजाप्रमाणं हात मिळवायला रांगेत उभ्या राहिल्या, आणि समोरच्याला "छान खेळलास" म्हणताना ह्याची स्केट बर्फात अडकली. पाय तिथंच राहिला, माणूस वळला. आतलं लिगामेंट तुटलं.

वय सत्तेचाळीस. एकवीस वर्षं तो रविवारच्या, बर्फावरच्या हॉकी टीमचा गोलकीपर. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या त्या गावात त्याला लोक ओळखत ते तेवढ्यासाठीच. ते गेलं तर आपण कोण, ही त्याची धास्ती.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन केलं तर निदान नऊ महिने खेळ बंद. नाहीतर व्यायामानं मांडी इतकी घट्ट करायची की तिनंच गुडघा सांभाळावा. तरी गुडघा दगा देत राहिला, तर ऑपरेशन आहेच.

कप्तान वेंडेल त्याच दिवशी घरी आला. "चाकू कशाला लावून घेतोस गड्या? व्यायाम कर. तुझ्यावाचून आपला गोल म्हणजे सताड उघडं दार."

मग काय, ओरेस्ट लागला. सकाळी खुर्चीवरून ऊठबस, संध्याकाळी जिन्याच्या एकाच पायरीवर चढ-उतर. कुठं पोचायचं नाही, नुसतं चढायचं. जीव विटला त्याचा. टीमला दुसरा गोलकीपर मिळेना, तेव्हा वेंडेलनं ओरेस्टच्या बायकोला, डार्लीनला, उभं केलं. हातमोजे, पॅड, सगळं घरात होतंच. चार रविवारांपुरतं, असं ठरलं.

पाचव्या महिन्यात ओरेस्ट दुखऱ्या पायावर बसून उठून दाखवायला लागला. बाई खूश. ऑपरेशन नको, म्हणाल्या, खेळा आता.

त्यानं वेंडेलला फोन केला. "रविवारी येतो घरी," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. रविवारी वेंडेल पेरोगींचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं घेऊन आला.

"कसंय ओरेस्ट, माझ्या मेव्हण्यानं ऑपरेशन केलं. गुडघा एकदम नवा. नऊ महिने काय, असे जातात."

"तूच म्हणालास ना, चाकू नको."

"तेव्हा आपण हरत होतो."

डार्लीन दारात टेकून उभी होती. "अकरातल्या नऊ जिंकल्या," ती दमून म्हणाली. "पण माझी कंबर धरलीय. तुझी जागा तू घे बाबा."

ओरेस्ट पॅड बांधायला बसला. डार्लीननं पट्टे आपल्या मापानं कापले होते, आणि ह्याची मांडी पाच महिन्यांत खांबासारखी झालेली. पट्टा काही पोचेना. दोनदा ओढला, मग सोडून दिला.

"आजच्या टीममधला तो डावखुरा उंच मारतो," तो तिला म्हणाला. "खांद्याकडं लक्ष ठेव."

त्या दुपारी तो बाकाजवळ, खेळाडूंसाठी मैदानाच्या कठड्याचं दार उघडायला उभा राहिला. समोरच्या टीममधल्या एका नव्या माणसानं विचारलं, हा कोण.

"हा?" वेंडेल म्हणाला. "आमच्या गोलकीपरचा नवरा."