प्रश्न उद्भवल्याची वीस मिनिटं

कायदा माहीत नव्हता, ही सबब कोणालाही सांगता येत नाही. म्हणूनच सरकारने कायद्याचा अर्थ सांगणारं एक स्वतंत्र खातं ठेवलं आहे. ते फक्त सरकारला सांगतं. अभिप्राय मागण्याचा अधिकार प्रत्येक खात्याच्या सचिवांना आहे; ज्याला गरज आहे त्याला नाही (गरजू माणूस तटस्थ नसतो). गेल्या वर्षी आलेल्या एकशे बारा अर्जांपैकी एकशे अकरा माणसांचे निघाले, म्हणून परत गेले. एकशे बारावा एका सचिवांचा होता. ‘मी विचारू शकतो का?’ असं त्यांनी विचारलं होतं.

कोपऱ्यावरच्या शिंप्याला रस्ते खात्याची नोटीस आली: दुकान रस्त्यात येतं, सोमवारी पाडू. दुकान वडिलांच्या वेळचं, रस्ता मागाहूनचा. तेव्हा रस्ताच दुकानात येतो, असं शिंप्याचं मत. त्याच्या बायकोचा भाऊ त्याच खात्यात कारकून होता.

“नोटीस कायद्यात बसते का, एवढं विचारून दे रे.”

“भावोजी, ते सचिवसाहेबच विचारणार. तेही प्रश्न उद्भवला तर.”

“अजून उद्भवला नाही?”

“दुकान उभं आहे ना! तोवर प्रश्न काल्पनिक.”

“आणि पाडल्यावर?”

“दुकानच नाही, मग प्रश्न कसला?”

शिंपी मापाचा माणूस. आधी लवकर, नंतर उशीर. म्हणजे पाडायला लागतात ती वीस मिनिटं आपली, हे त्याने ताडलं. सोमवारी डावी भिंत कोसळताच त्याने धुळीतूनच अर्ज पुढे केला. “साहेब, उद्भवला!”

पाडकामावर आलेल्या साहेबांनी नियम दोनदा वाचला. खरंच उद्भवला होता. पाडणारं यंत्र होतं तिथे थांबलं, अर्ज सचिवांकडे गेला आणि हुकूम निघाला: प्रश्न जिवंत राहावा म्हणून दुकान पाडू नये, तसंच दुरुस्तही करू नये.

सात महिने झाले, शिंपी तीन भिंतींत कपडे शिवतो. यंत्राच्या सोंडेला इस्त्री केलेले कोट टांगतो. परवा अभिप्राय आला, सीलबंद. मेव्हणा दुकानात येऊन बसला.

“काय लिहिलंय?”

“भावोजी, गोपनीय आहे.”

“बरं, तुझ्या बहिणीला सामान बांधायला सांगू की नको?”

“तेच गोपनीय आहे.”

तुम्हालाही उत्सुकता लागली असेल. साहजिक आहे. मी तो कागद अथपासून इतिपर्यंत वाचला आहे आणि सांगायला माझी काहीच हरकत नाही. आपण कोणत्या खात्याचे सचिव?