दाबा, धरा, सोडा!

"छापलेलं वाचता येतं ना? मग झालं तर! जगात असं एकही काम नाही, जे पुस्तिका वाचून करता येत नाही!"

हे वाक्य सूचनाकारांनी शनिवारी सकाळी चहाचा कप उंचावून, एखादं धरण राष्ट्राला अर्पण करावं अशा थाटात उच्चारलं.

सूचनाकार हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. ते पुढे सोसायटीत आलं आणि चिकटलंच. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ते माहितीपुस्तिका लिहीत. मिक्सर, इस्त्री, कपडे धुण्याचं मशीन! खोक्यातून सगळ्यात आधी बाहेर येते आणि लगेच कुणी न वाचता परत खोक्यात जाते, ती पुस्तिका यांची. धुण्याच्या मशीनवर त्यांनी आजवर पाच पुस्तिका लिहिल्या होत्या. घरातलं मशीन चालू कुठून होतं, हे मात्र बायकोला विचारावं लागे.

तर झालं होतं असं, की गाडीचा ब्रेक दाबला की मागच्या डाव्या चाकातून, दाराच्या फटीत मांजराची शेपटी सापडावी तसा आवाज यायचा. आणि सोमवारी बायकोची मुलाखत होती. ती शाळेत शिक्षिका. पलीकडच्या गावातल्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली होती आणि तिथे सकाळी वेळेवर पोहोचायचं होतं.

"अहो, गॅरेजमध्ये टाका ना गाडी. दुपारपर्यंत देतात."

"गॅरेज? तो मेकॅनिक काय वाचून आलाय? काही नाही! मी फक्त पुस्तिका मिळवतो. बाकी काम आपोआप होतं."

पण ती मिळवणं हेच काम होऊन बसलं. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत रेडिओवर अकरा पानं होती आणि ब्रेकवर एक ओळ : 'ब्रेक नियमित तपासून घ्यावेत.' कुणाकडून, ते लिहिलं नव्हतं. मग सूचनाकार जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने स्टुलावर चढून, धूळ झटकून एक जाडजूड ग्रंथ काढला.

"हा घ्या. ब्रेकवर याच्या वरचं पुस्तक नाही."

"अहो, हे ट्रॅक्टरचं आहे!"

"मग काय झालं? त्यालाही थांबावंच लागतं ना!"

इंटरनेटवर तर आनंदच! 'मोफत पुस्तिका' असं लिहिलेलं बटण दाबलं की पत्त्यांचा खेळ उघडे. दुसरं दाबलं की एक बाई लग्नाची स्थळं दाखवू लागे. रात्रीच्या जेवणाआधी एकदाचा खजिना सापडला. कुणीतरी, बहुधा चालत्या गाडीत बसून, पानापानाचे फोटो काढलेली सहाशे पानी पुस्तिका! गाडी आपलीच. फक्त जरा आधीचं मॉडेल.

"आधीचं म्हणजे?" बायकोने विचारलं.

"अगं, ब्रेक तो ब्रेक! त्यात काय फॅशन बदलते?"

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पथक जमलं. मुलाखतीची तयारी बाजूला ठेवून बायको स्टुलावर बसली, पुस्तिकेतली छापून घेतलेली ब्रेकची पानं मोठ्याने वाचायला. ब्रेकचं पेडल दाबायला सासूबाई, म्हणजे बायकोची आई, ड्रायव्हरच्या सीटवर. त्यांनी सोबत सोलायला वाटाणे आणले होते. सूचनाकार स्वतः जमिनीवर आडवे. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं, त्यामागचं डब्यासारखं झाकणही निघालं. आत दोन अर्धगोल पट्ट्या आणि त्यांना ताणून धरणाऱ्या स्प्रिंगा.

"वाच पुढे!"

"'पक्कडीने वरची स्प्रिंग धरून जोरात बाहेर ओढा.'"

सूचनाकारांनी ओढली. टण्ण! स्प्रिंग त्यांच्या कानाजवळून सुटली आणि दिसेनाशी झाली. बायकोने शांतपणे पान उलटलं.

"'सावधान! स्प्रिंग ओढण्यापूर्वी तिच्यावर कापड टाकावे, अन्यथा ती उडते.'"

"हे पुढच्या पानावर?" सूचनाकार ताडकन उठले आणि त्यांचं डोकं चाकाच्या कमानीवर आपटलं. "कोण गाढव लिहितो असल्या पुस्तिका!"

बायकोने पानांवरून मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सेक्रेटरी डोकावले. स्प्रिंग त्यांच्या चहात पडली होती.

"सूचनाकार, हे काय चाललंय?"

"दुरुस्ती!"

"कशाची? माझी?"

स्प्रिंग धुऊन परत मिळाली. दुकानातून आणून ठेवलेल्या नव्या पट्ट्या बसल्या, स्प्रिंगा अडकल्या, झाकण लागलं, चाक चढलं. सूचनाकारांनी घाम पुसला, तर फरशीवर लोखंडाचा एक वाकडा तुकडा उरलेला.

"हा कुठला?" बायकोने विचारलं.

"जास्तीचा असतो. कंपनी देते."

"शर्टाच्या आत बटण लावून देतात, तसा?" सासूबाईंनी कौतुकाने विचारलं.

"अगदी तसाच, आई!"

आता शेवटचा टप्पा. ब्रेकच्या तेलात हवा शिरली असेल तर ती काढायची. ती शिरली होती की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण पुस्तिकेत होतं, म्हणजे करायचंच! सूचनाकार पुन्हा गाडीखाली गेले आणि तिथून गर्जू लागले.

"आई, दाबा!"

"दाबलं हो, जावईबापू!"

"धरा! सोडू नका! आता सोडा!"

"काय सोडू? वाटाणे?"

"पाय हो, पाय!"

दाबायचं केव्हा आणि स्क्रू उघडायचा केव्हा, यात थोडी गल्लत झाली. तेलाची चिळकांडी थेट चष्म्यावर आली. काही दिसेना, तरी आवाज चढताच राहिला. "दाबा! अजून जोरात! दम सोडू नका!" समोरच्या इमारतीतल्या काकू धापा टाकत खाली आल्या. त्यांना वाटलं, कुणाला तरी झटका आला आणि छाती दाबणं चाललंय. सोबत त्या डॉक्टरही घेऊन आल्या होत्या! डॉक्टर दातांचे होते, पण आले होते.

"जावईबापू," सासूबाई आतून म्हणाल्या, "हे आता पार खाली टेकतंय हं. काही लागतच नाही पायाला."

"म्हणजे मोकळं झालं! छान! उतरा आता, मी एक चक्कर मारून येतो."

"अहो, नको ना," बायको म्हणाली. पण बघ्यांची गर्दी जमलेली असताना सूचनाकार थांबतात होय! जॅक काढून ते बसले, इंजिन सुरू केलं, गाडी दोन हात पुढे घेतली, ऐटीत ब्रेक दाबला आणि खात्रीने इंजिन बंद केलं. गाडीला यातलं काहीच पटलं नाही. पार्किंगपासून फाटकापर्यंत उतार होता. ती निघाली.

वेग तसा फारसा नव्हता. अगदी वरातीच्या चालीने चालली होती. बायको खिडकीशेजारून चालू लागली. मागून सासूबाई, सेक्रेटरी, काकू आणि दातांचे डॉक्टर.

"अहो, थांबा ना!"

"थांबता आलं असतं तर थांबलो नसतो का?"

"हँडब्रेक ओढा!"

"ओढलाय! हातात आलाय नुसता!"

"मग गिअरमध्ये टाका!"

"अगं, आपण छापलेल्या पानांत गिअरचं प्रकरणच नाही!"

फाटकावरच्या वॉचमनने साहेबांची गाडी येताना पाहिली आणि कर्तव्यात कसूर न करता फाटक सताड उघडलं. वर सलाम ठोकला. पाठोपाठ चालणाऱ्या सगळ्यांनाही ठोकला. गाडी रस्त्यावर उतरली. एक सायकलवाला घंटी वाजवून तिला मागे टाकून गेला. कोपऱ्यावर बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग होता. गाडीने त्यात हळूच नाक खुपसलं आणि ती थांबली.

"थांबली!" सूचनाकार आतून ओरडले. "बघितलंस? थांबली की नाही!"

संध्याकाळी गॅरेजच्या गाडीने ती ओढत नेली. सूचनाकार पडद्याआडून पाहत होते. सोमवारी पहाटे बायको एकटीच बसने गेली. दिवसभर त्यांना ऑफिसात काही सुचेना. तिने या जागेसाठी केवढी वाट पाहिली होती! आणि आपण तिला आदल्या दिवशी स्टुलावर बसवून स्प्रिंगा वाचायला लावल्या! पहिल्यांदाच त्यांना मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली. मुख्याध्यापिका झाली होती!

"त्यांनी विचारलं, अचानक गोंधळ उडाला तर कसं हाताळाल?" ती चपला काढत म्हणाली. "मी कालचं सगळं सांगितलं. अध्यक्ष हसून हसून पाण्याचा ग्लास पाडून बसले."

सूचनाकारांची लाज तिथल्या तिथे ओसरली. "म्हणजे बघ! माझ्यामुळेच झालं की हे!"

"हो तर. त्यांनी तुम्हालाही बोलावलंय. पुढच्या महिन्यात शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताह आहे."

"मला?" सूचनाकार ताठ झाले. केसांवरून हात फिरवला. "मुलांना मार्गदर्शन करायला?"

"नाही हो," बायको पेढा त्यांच्या हातावर ठेवत म्हणाली. "मुलांना दाखवायला."